चढाला गाडी ओढत नाही? टर्बो उतरवण्याआधी हे तपासा

सपाटीला गाडी बरी चालते, पण पुण्याहून येताना खंबाटकीचा चढ लागला की चौथ्यात जाणारी गाडी तिसऱ्यात आणि मग दुसऱ्यात आणावी लागते. ॲक्सिलेटर पार तळाला टेकला तरी आरपीएम २,००० च्या आसपास रेंगाळत राहतात. ओव्हरटेकला काढलेली गाडी ऐन वेळी दम सोडते. कधी मागं काळा धूर निघतो, कधी धुराचा पत्ताच नसतो. रेस दिली की बॉनेटखालून शिट्टी नाहीतर फुसफुस ऐकू येते, जी महिनाभरापूर्वी नव्हती. इंजिनचा पिवळा दिवा लागतो, कधी लागून आपोआप जातो. काही गाड्या ३,००० आरपीएमच्या पुढं जायलाच तयार नसतात, आणि बाजूला घेऊन, बंद करून परत चालू केल्या की काही झालंच नाही अशा पळतात. बहुतेक वेळा ॲव्हरेजही उतरलेला असतो.

जुनी टर्बो गाडी घेतली असेल आणि यातली दोन-तीन लक्षणं जुळत असतील तर पुढचं सगळं सावकाश वाचा. साताऱ्यात गॅरेजवर सेकंडहँड डिझेल गाड्यांची ही तक्रार मी वर्षानुवर्षं सोडवत आलो आहे, आणि बहुतेक वेळा टर्बो शाबूत निघाला आहे. तरी गिऱ्हाईक येतं ते "टर्बो गेलाय म्हणे" असंच सांगत येतं.

कोरेगावकडच्या एका शेतकऱ्याचं उदाहरण सांगतो. आठ वर्षं वापरलेली डिझेल सेडान त्यांनी घेतली आणि महिन्याभरात यवतेश्वरचा घाट चढताना गाडी बसायला लागली. एका ठिकाणी त्यांना टर्बो बदला म्हणून चाळीस हजारांचा आकडा सांगितला होता. मी गाडी रॅम्पवर घेतली, टर्बोची हवा गार करणाऱ्या इंटरकूलरकडून येणारा रबरी होज हातानं दाबला, आणि खालच्या बाजूला बोटभर चीर उघडली. वरून पाहिलं तर होज नव्यासारखा दिसत होता. इंजिन नुसतं चालू असताना चीर मिटलेली राहायची. चढाला हवेचा दाब वाढला की ओठ उघडावेत तशी उघडायची. होज बदलला, गाडी पळायला लागली.

तीन महिन्यांनी तीच गाडी तीच तक्रार घेऊन परत आली. होज त्याच जागी पुन्हा फाटला होता. या वेळी मी खाली झोपून, रेस देताना इंजिन किती हलतं ते पाहिलं. इंजिनचं माउंटिंग, ज्याला आपल्याकडं बरेच जण फाउंडेशन म्हणतात, ते तुटलेलं होतं. प्रत्येक झटक्याला इंजिन मागं-पुढं डोलायचं आणि होजला ओढायचं. पहिल्याच वेळी मी हे बघायला हवं होतं. त्यानंतर एक नियम मी सोडलेला नाही: मोडलेला भाग सापडला की तो कशानं मोडला ते कळल्याशिवाय गाडी परत द्यायची नाही. हा आजार पुन्हा पुन्हा येतो तो याच कारणानं.

आधी टर्बो करतो काय ते

सायलेन्सरकडं जाणारा गरम धूर टर्बोमधलं एक चाक फिरवतो. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक फिल्टरमधून हवा ओढतं आणि दाबून पुढं ढकलतं. दाबलेली हवा तापते, म्हणून ती इंटरकूलरमधून गार होऊन इंजिनात जाते. छोट्या टर्बोचा दांडा पुऱ्या जोरात मिनिटाला दोन लाख फेऱ्यांच्या घरात फिरतो आणि तो नुसत्या ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो.

म्हणजे हवेची वाट अशी: फिल्टर, एअर फ्लो सेन्सर, टर्बो, होज, इंटरकूलर, पुन्हा होज, इंजिन. तपासणी करताना मी या वाटेनंच चालत जातो. टर्बो त्या वाटेवरचा एक मुक्काम आहे, आणि सगळ्यात महागडा.

धुराकडं मात्र पहिल्यांदा बघा. मागून दुसऱ्या गाडीतून कुणाला तरी यायला सांगा आणि चढाला पूर्ण रेस द्या. काळा धूर निघाला तर डिझेल पडतंय, हवा कमी आहे. बहुतेक वेळा मोजलेली हवा वाटेतच गळते: सेन्सरनं सांगितलं इतकी हवा आली, गाडीतल्या कॉम्प्युटरनं तेवढं डिझेल सोडलं, पण हवा इंजिनापर्यंत पोचलीच नाही. धूर नाही आणि जोरही नाही, तर एकतर डिझेलच पोचत नाही, नाहीतर टर्बो हवा दाबत नाही हे ओळखून कॉम्प्युटरनं डिझेल आखडतं घेतलंय. निळसर धूर असेल तर ऑइल जळतंय, मग खालच्या सगळ्या पायऱ्या सोडून थेट शेवटच्या भागाकडं जा.

फुकटात होणाऱ्या गोष्टी

पहिली गोष्ट ऐकायला क्षुल्लक वाटेल: पेडलखालची मॅट. जुन्या गाडीत मूळ मॅटवर दुसरी जाड रबरी मॅट टाकलेली असते आणि ॲक्सिलेटर तळापर्यंत जातच नाही. मॅट काढा आणि पेडल हातानं पूर्ण दाबून बघा.

मग क्लच. चौथ्या गिअरमध्ये चढाला पूर्ण रेस द्या. आरपीएम वाढताहेत पण वेग वाढत नाही, तर इंजिन जोर लावतंय आणि क्लच प्लेट घसरतेय. जळका वासही येतो. टर्बोच्या आजारात आरपीएमसुद्धा वाढत नाहीत. हा फरक नीट ओळखला तर अर्धं काम झालं, कारण क्लचचा दोष असताना इंजिनात कितीही पैसे घातले तरी वाया.

ब्रेक जाम आहे का ते पण याच वेळी बघा. पाच-सात किलोमीटर शक्यतो ब्रेक न वापरता चालवा, थांबा, आणि चारही रिमच्या जवळ हात नेऊन बघा. हात टेकवू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर गाडी तिथं अडकतेय. पावसाळाभर अंगणात उभी राहिलेली गाडी असेल तर ही शक्यता जास्त.

बंद करून परत चालू केल्यावर जोर परत येतो का, हे लिहून ठेवा. येत असेल तर कॉम्प्युटरनं इंजिन वाचवण्यासाठी जोर कमी केला होता, त्याला लिम्प मोड म्हणतात. अशा वेळी बिघाडाचा कोड कॉम्प्युटरमध्ये बहुतेक साठवलेला सापडतो. म्हणून बॅटरीची तार काढून दिवा घालवण्याचा प्रयोग करू नका. कोड पुसला जातो आणि मिस्त्रीच्या हाती असलेला एकमेव धागा तुटतो.

एअर फिल्टर

चार क्लिपा उघडल्या की फिल्टर हातात येतो. उसाच्या हंगामात कच्च्या रस्त्यानं ट्रॉल्यांच्या मागं फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरच्या निम्म्यातच भरतो. बॉक्सच्या तळाला माती, पानं, कधी उंदराचं घरटंही मिळतं. हवा आत येते त्या नळीच्या तोंडातही बोट घालून बघा.

फिल्टर नुसता झटकून परत घालण्यापेक्षा नवा घाला, काही शेकड्यांचा प्रश्न असतो. फार स्वस्तातला नको. त्याची कड बॉक्सला घट्ट बसत नाही, कडेनं धूळ आत जाते आणि टर्बोच्या पात्यांच्या कडा झिजवते.

स्कॅनर, आणि त्याच्याकडून काय विचारायचं

फोनला ब्लूटूथनं जोडला जाणारा छोटा स्कॅनर हजार-दीड हजारात मिळतो, आणि जुनी गाडी वापरणाऱ्यानं तो घ्यावाच असं माझं मत आहे. कोड वाचता येतात. पी ०२९९ म्हणजे हवेचा दाब हवा त्यापेक्षा कमी, पी ०२३४ म्हणजे दाब नको इतका वाढला, पी ०१०१ म्हणजे एअर फ्लो सेन्सरच्या आकड्यात गडबड, पी ००८७ म्हणजे रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या पाइपात, डिझेलचा दाब कमी. पण कोड म्हणजे निदान नव्हे. पी ०२९९ आला की टर्बो बदलणारे मी पाहिले आहेत. तो कोड इतकंच सांगतो की दाब कमी आहे. का कमी आहे ते आपणच शोधायचं असतं.

कोडपेक्षा चालू आकडे जास्त उपयोगी पडतात. किल्ली ऑन करा, इंजिन चालू करू नका, आणि मॅप सेन्सरचा, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा, आकडा बघा. इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेइतका दाब दाखवायला हवा. समुद्रकिनारी १०१ किलोपास्कल, आपल्या साताऱ्यात ९२ ते ९४, महाबळेश्वरला ८६ च्या आसपास. साताऱ्यात उभी गाडी ७५ किंवा ११५ दाखवत असेल तर सेन्सरच खोटा आहे, आणि खोट्या सेन्सरवर विसंबून कॉम्प्युटर डिझेल चुकीचं सोडणार.

आता कुणाला तरी शेजारी बसवा, फोन त्याच्या हातात द्या. मोकळ्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमपासून पूर्ण रेस द्या आणि ३,००० पर्यंत जाऊ द्या. बहुतेक टर्बो डिझेलमध्ये हा आकडा २०० किलोपास्कलच्या आसपास किंवा वर जायला हवा. ११०-१२० वर अडकला तर टर्बोचं काम इंजिनापर्यंत पोचत नाही. चालवणाऱ्यानं स्वतः फोन बघू नये, आणि ही चाचणी हायवेच्या गर्दीत करू नये.

उभ्या गाडीला नुसती रेस देऊन "बघा, दाब येत नाही" असं दाखवणारे असतात. उभ्या गाडीवर ओझंच नसतं, म्हणून धूरही कमी आणि दाबही कमी. चांगल्या टर्बोचा दाबसुद्धा उभ्या गाडीला फारसा चढत नाही. या चाचणीवरून कुणी टर्बो उतरवायला निघाला तर गाडी घेऊन घरी या.

पाचगणीला, महाबळेश्वरला गेल्यावर जोर कमी वाटणं स्वाभाविक आहे असं बरेच जण मानतात. विनाटर्बो गाडीचा जोर उंचीवर कमी होतो हे खरं, कारण हवाच विरळ असते. पण टर्बो बऱ्याच प्रमाणात ही कसर भरून काढतो. पसरणी घाटात, वाईतून निघाल्यापासून पाचगणी येईपर्यंत तुमची गाडी फार मंदावत गेली असेल तर उंचीवर खापर फोडू नका.

होज आणि क्लिपा

इथं वेळ द्या, कारण माझ्या अनुभवात बहुतेक गाड्या इथंच बऱ्या होतात.

इंजिन पूर्ण गार असताना टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि इंटरकूलरपासून इंजिनापर्यंतचा प्रत्येक होज हातानं चाचपा. डोळ्यांवर विसंबू नका. होज पिळा, दाबा, खालच्या अंगानं बोट फिरवा. चीर जवळपास नेहमी खालच्या बाजूला, वळणावर किंवा क्लिपच्या कडेला असते. रबर हाताला चिकट, फुगलेलं, नको तितकं मऊ लागलं तर ते ऑइल पिऊन संपत आलंय.

आतून थोडा ऑइलचा ओलावा असणं चालतं. इंजिनातली वाफ याच वाटेनं परत जाते, तिच्याबरोबर ऑइलचा अंश येतो. पण बाहेरून एखाद्या जोडावर ऑइल आणि धुळीचा काळा लेप दिसला तर हवा तिथून गळते आणि जाताना ऑइल घेऊन जाते. तो लेप म्हणजे गळतीनं स्वतःच दिलेला पत्ता. फडक्यानं पुसा, दोन दिवस गाडी चालवा, परत बघा. त्याच जागी ओल आली तर खात्री झाली.

इंटरकूलर पुढं, बंपरच्या मागं असतो. पुढून ठोकर बसलेली गाडी असेल आणि बंपर बदललेला दिसत असेल तर इंटरकूलरचे कोपरे, प्लॅस्टिकच्या टाक्यांचे जोड नीट बघा. विकणारा हे सांगत नाही.

दिसत नसेल तर गॅरेजवर धूर किंवा साबणाच्या पाण्याची चाचणी करून घ्या. टर्बोचं तोंड बंद करून हवेच्या वाटेत हलका दाब देतात आणि जोडांवर साबणाचं पाणी मारतात. बुडबुडे येतील तिथं गळती. दाब बेतानं द्यावा लागतो, टायर भरायचा कॉम्प्रेसर थेट लावला तर सील आणि चांगला होजही निकामी होऊ शकतो. म्हणून हे घरी करू नका.

होज बदलताना जुनी जुबली क्लिप (स्क्रूनं आवळायची पट्टी) परत वापरू नका. आटे गेलेली क्लिप हातानं घट्ट लागते आणि दाबाखाली सरकते. फाटलेल्या होजवर टेप गुंडाळून घाट चढायचाही विचार नको, ती पट्टी घरापर्यंत पोचण्यापुरतीच. आणि गळक्या होजनं महिनोन्‌महिने गाडी ओढत राहिलात तर टर्बो तेवढाच दाब मिळवण्यासाठी जास्त वेगानं फिरत राहतो. दोन-तीन हजारांचा होज वाचवताना चांगला टर्बो मारला जातो.

होज बदलला की माउंटिंग बघायचं, हे मी वर सांगितलंच. दुसऱ्याला ब्रेक दाबून पहिला आणि रिव्हर्स गिअर आळीपाळीनं टाकून क्लच किंचित सोडायला सांगा, तुम्ही बाजूला उभं राहून इंजिनकडं बघा. गाडीच्या पुढं किंवा मागं उभं राहू नका. इंजिन ठळक उसळी मारत असेल तर माउंटिंग गेलंय. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या वर आहे का तेही बघा. जास्त भरलेलं ऑइल होजमध्ये येतं आणि नव्या रबराचंही तेच करतं.

व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या

होज ठीक निघाले तर आता बारीक नळ्या. बऱ्याच डिझेल गाड्यांमध्ये पाती हलणारा टर्बो असतो, त्याला व्हीजीटी म्हणतात. त्या पात्यांना एक काडी हलवते, ती काडी ॲक्च्युएटर नावाचा डबा ओढतो, आणि ॲक्च्युएटरला इंजिनवरच्या व्हॅक्यूम पंपाकडून एका सोलेनॉइडमार्फत (विजेवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह) ओढ मिळते. या सगळ्याला जोडणाऱ्या नळ्या पेन्सिलीपेक्षा बारीक असतात. उष्णतेनं त्या कडक होऊन तडकतात, टोकाला सैल पडतात, आणि आपल्याकडं गोठ्याशेजारी किंवा कडब्याच्या गंजीजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या नळ्या उंदीर कुरतडतात. एका कराडच्या गाडीत कुरतडलेली नळी इतकी आत होती की आरसा घालून दिसली. नळी शंभर रुपयांचीही नव्हती.

व्हॅक्यूमवर चालणाऱ्या व्हीजीटीत तपासणी सोपी आहे. बॉनेट उघडून एकजण ॲक्च्युएटरच्या काडीकडं बघत राहील, दुसरा इंजिन चालू करेल. चालू होताच काडी खेचली जायला हवी आणि बंद करताच परत यायला हवी. हललीच नाही तर व्हॅक्यूम येत नाही, किंवा ॲक्च्युएटरचा पडदा फाटलाय, किंवा पाती काजळीनं अडकली आहेत. तिन्हींचा खर्च वेगळा. गॅरेजवर हाताचा व्हॅक्यूम पंप असतो. तो थेट ॲक्च्युएटरला लावला आणि काडी सुरळीत हलून, गेजचा काटा मिनिटभर न उतरता राहिला, तर ॲक्च्युएटर आणि पाती दोन्ही ठीक, दोष मागं नळीत किंवा सोलेनॉइडमध्ये. काटा उतरत गेला तर पडदा गेला. काटा टिकला पण काडी अडखळत हलली तर पाती जाम.

एक खूण गाडी चालवतानाच मिळते. बऱ्याच गाड्यांत ब्रेकचा बूस्टरही त्याच व्हॅक्यूम पंपावर असतो. पिकअप गेला आणि त्याच दिवसांत ब्रेक पेडलही कडक लागायला लागलं, तर पंप किंवा मोठी नळी तपासा. ब्रेक कडक झाला असेल तर घाटात गाडी नेऊ नका, तिथंच थांबवा.

साध्या टर्बोत ही काडी हवेच्या दाबानं ढकलली जाते. तिथं इंजिन चालू केल्यावर काडी हलणार नाही, आणि तो दोष नाही. मारुती, फियाट आणि टाटाच्या कित्येक गाड्यांत आलेल्या १,२४८ सीसीच्या मल्टिजेट इंजिनाचं ७५ पीएसचं रूप साध्या टर्बोचं, आणि ९० पीएसचं व्हीजीटीचं. आपल्या गाडीत कुठला आहे ते आधी विचारून घ्या, नाहीतर चांगला भाग दोषी ठरेल. काही नव्या गाड्यांत ॲक्च्युएटर विजेवर चालतो. त्याला हात लावू नका, बदलला की स्कॅनरनं त्याला शिकवावं लागतं.

पाती जाम होण्याचं कारण बहुधा वापरात असतं. गाडी रोज साताऱ्यातल्या साताऱ्यात, राजवाडा ते पोवई नाका एवढीच फिरते, इंजिन नीट तापत नाही, काजळी साचते. मग कधीतरी घाटात पूर्ण रेस दिली की पाती वेळेवर उघडत नाहीत, दाब नको इतका वाढतो, पी ०२३४ येतो आणि गाडी लिम्प मोडमध्ये जाते. काडी अडखळत का होईना हलत असेल तर ऑइलची पातळी बघून, इंजिन चांगलं तापवून, हायवेला अर्धा-पाऊण तास एक गिअर खाली ठेवून चालवल्यावर काही गाड्या सुटलेल्या मी पाहिल्या आहेत. पूर्ण घट्ट झालेली पाती अशानं सुटत नाहीत, टर्बो उतरवून साफ करावा लागतो.

डिझेलची बाजू

धूर नाही, दाब ठीक, आणि वरच्या आरपीएमला गाडी सपाट पडते: डिझेल फिल्टर. सेकंडहँड गाडी घेतली की तो कधी बदलला याची वाट न बघता पहिल्याच आठवड्यात बदला. पूर्ण जोराला या इंजिनांच्या रेलमध्ये हजार ते दीड हजार बारच्या पुढं दाब लागतो. चोंदलेल्या फिल्टरमधून पंपाला डिझेल पुरत नाही, तो कोरडा पडतो आणि झिजतो. फिल्टरच्या किमतीत आणि हाय प्रेशर पंपाच्या किमतीत दहा-वीस पटींचं अंतर असतं.

जुन्या फिल्टरमधलं डिझेल काचेच्या बरणीत ओतून तासभर ठेवा. खाली पाण्याचा थर दिसला तर टाकी साफ करून घ्या. ट्रॅक्टरसाठी घरी बॅरलमध्ये ठेवलेलं डिझेल अडीनडीला गाडीत ओतणाऱ्यांकडं हे हमखास सापडतं. बरणीत चकाकणारी धातूची भुकटी दिसली तर गाडी चालू करू नका, पंप आतून कातरतोय. ती गाडी टो करून डिझेल पंप-इंजेक्टरचं काम करणाऱ्याकडं न्या.

सेन्सर, ईजीआर, सायलेन्सर

एअर फ्लो सेन्सर साफ करायला त्यासाठीचाच स्प्रे वापरा. फडकं, ब्रश, कापसाचा बोळा काही लावू नका, आतली तार केसाहून नाजूक असते. मॅप सेन्सरवर मात्र काजळीचा जाड थर बसतो, तो काढल्यावर आकडा सुधारलेला दिसतो.

ईजीआर व्हॉल्व्ह जळालेली हवा थोडी थोडी परत इंजिनात सोडतो. तो उघडा अडकला तर ती सतत येत राहते, ताज्या हवेला जागा उरत नाही. काळा धूर आणि खालच्या आरपीएमला मरगळ. साफ करता येतो. पत्रा मारून बंद करून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा. प्रदूषणाच्या नियमांत ते बसत नाही आणि कॉम्प्युटरला फसवत बसावं लागतं. जुन्या गाडीत आधीच्या मालकानं असं काही केलंय का, किंवा जास्त जोरासाठी सॉफ्टवेअर बदललंय का, हेही विचारा. तसं असेल तर वरचे आकडे जुळणारच नाहीत.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारा डीपीएफ असतो. तो भरला की धूर बाहेर पडायला अडतो आणि टर्बो फिरत नाही. दिवा लागला तर गाडीच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणं हायवेला सलग चालवा. दिवा गेला नाही, किंवा डिपस्टिकवर ऑइल आपोआप वाढलेलं दिसलं, तर पुढं चालवू नका. डीपीएफमधली काजळी जाळायला गाडी जास्तीचं डिझेल सोडते, ही साफसफाई अर्धवट राहिली की ते डिझेल ऑइलमध्ये उतरलेलं असतं आणि पातळ ऑइल टर्बोचा दांडा खातं.

टर्बो पेट्रोल गाडी असेल तर या सगळ्याच्या आधी स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल बघा. दाब वाढल्यावर ठिणगी कमी पडते आणि गाडी झटके देते.

हात आवरायची वेळ

एवढं करूनही सापडलं नाही तर टर्बोकडं जायचं, आणि ते काम जाणत्या माणसाचं. टर्बोच्या तोंडाचा होज काढून, गार इंजिनाला, दांडा बोटांनी हलवून बघतात. आडवा किंचित हलणं चालतं. पुढं-मागं हलत असेल किंवा पाती घराला घासल्याच्या खुणा असतील तर टर्बो गेला. मग विचारायचा प्रश्न एकच: कशानं गेला? बहुतेक वेळा ऑइलच्या वाटेनं. ऑइल वेळेवर बदललं नाही, चुकीच्या ग्रेडचं भरलं, किंवा टर्बोला ऑइल नेणारी बारीक नळी काजळीनं चोंदली. ती नळी, तिचा जाळीचा बोल्ट आणि ऑइल परत जायची नळी साफ न करता नवा टर्बो बसवला तर तोही थोड्याच दिवसांत जातो. इंटरकूलरमध्ये साचलेलं ऑइल आणि पात्यांचे तुकडेही काढून घ्यावे लागतात. या दोन गोष्टी करणार का, हे मिस्त्रीला काम सुरू करण्याआधी विचारा आणि जुना टर्बो परत मागून घ्या.

काही वेळा मात्र तपासत बसू नका, गाडी बंद करा आणि टो बोलवा. ऑइलचा लाल दिवा लागला. टर्बोतून करवतीसारखा किंवा धातू घासल्याचा आवाज आला. सायलेन्सरमधून निळ्या धुराचे लोट निघाले. ऑइल एकाएकी उतरलं.

डिझेलच्या रेलचे किंवा इंजेक्टरचे पाइप चालू इंजिनात कधीही सैल करू नका. त्या दाबानं उडालेली डिझेलची बारीक धार कातडीतून आत शिरते. जखम टोचल्याएवढीच दिसते, पण ती तातडीनं शस्त्रक्रिया लागणारी इजा असते. असं झालं तर दुखत नाही म्हणून थांबू नका, लगेच दवाखान्यात जा आणि डिझेल आत गेलंय असं स्पष्ट सांगा.

आणखी एक गोष्ट फार क्वचित घडते, पण टर्बो डिझेल चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवी. टर्बोचं सील फुटून ऑइल हवेच्या वाटेनं इंजिनात गेलं तर इंजिन त्याच ऑइलवर पळायला लागतं. आरपीएम आपोआप वाढत जातात, मागं धुराचे ढग, आणि किल्ली काढली तरी इंजिन थांबत नाही. गाडी चालू असेल तर आधी क्लच दाबून ब्रेकनं बाजूला थांबवा. मग मॅन्युअल गाडीत सगळ्यात वरचा (पाचवा किंवा सहावा) गिअर टाका, ब्रेक आणि हँडब्रेक पूर्ण दाबून धरा, आणि क्लच एकदम सोडा म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडेल. क्लच घसरला आणि इंजिन बंद पडलं नाही तर सगळ्यांना घेऊन गाडीपासून लांब व्हा. बॉनेट उघडून हातानं किंवा फडक्यानं हवेचं तोंड बंद करायला जाऊ नका.